उस्ताद टार्गेटकडे बघत नसत

बंदूक शिकवणारा माणूस टार्गेटकडे बघतो, असा माझा समज होता. उस्तादांनी तो पहिल्याच दिवशी मोडला. बेल्ह्याच्या अलीकडे एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथे वाळूने भरलेल्या पोत्यावर कोळशाने एक आळं काढलेलं, पोत्यापासून तीस पावलांवर बारा बोअरची दुनळी बंदूक घेऊन मी उभी, आणि माझ्या डाव्या हाताला, जेमतेम हातभर अंतरावर, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसलेले उस्ताद माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. परक्या पुरुषाने इतक्या जवळून इतका वेळ बघितलं की बाईमाणसाच्या मनात जे येतं, ते माझ्याही मनात आलं. तेवढ्यात मी चाप ओढला. खाण दणाणली, खांद्याला धक्का बसला. पोत्याला काही झालं की नाही ते मला कळलं नाही. उस्तादांनी तर तिकडे मान वळवायची तसदीही घेतली नाही.

"मिटली," ते म्हणाले.

मी विचारलं, काय मिटली?

"पापणी. आवाजाच्या आधीच मिटली. तू पोत्याला न्हाई मारलं जवान, आंधारात मारलं."

शिकायला आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी 'जवान' होता. पुरुष असो, बाई असो, निवृत्तीला टेकलेला वनपाल असो. ते सैन्यातून हवालदार म्हणून परत आले होते आणि जवळजवळ सगळी नोकरी नव्या पोरांना फायरिंग शिकवण्यात गेली होती. सैन्यात शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. ते नाव घेऊनच ते गावी आले आणि मग घरच्या माणसांपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. घर धनगराचं. थोरले भाऊ, ज्यांना उस्ताद आणि त्यामुळे आम्ही सगळे दादा म्हणायचो, ते अजून चाळीस-पन्नास मेंढरं राखून होते.

मी वनरक्षक. माहेर आंबेगाव तालुक्यातलं, नोकरी जुन्नरला. आमच्या या दोन तालुक्यांत बिबट्या ही आता बातमी राहिलेली नाही. बाया शेतात खुरपायला बसतात त्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून, मानेला कुणी धरू नये म्हणून. उसाच्या कडेला काम असलं की कुणीतरी मोबाईलवर गाणी मोठ्याने लावून ठेवतं. शाळेतून येताना पोरं एकामागे एक चालत नाहीत, कारण शेवटचं कुणी व्हायचं यावर भांडणं होतात. आणि मी वनखात्याची, म्हणजे लोकांच्या हिशेबी बिबट्या माझ्याच गोठ्यातला. "मॅडम, तुमचा बिबट्या आवरा," असं मला एसटीत, दुकानात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता ऐकवलेलं आहे.

तर आवरायची वेळ माझ्यावर आली. बिबट्या कुठे अडकला की जनावरांचे डॉक्टर भुलीची बंदूक घेऊन पुढे जातात. त्यांच्या मागे दोन पावलांवर एक माणूस खरी बंदूक घेऊन उभा राहतो. भूल चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि जखमी जनावराला तेवढा धीर नसतो. मागच्या माणसाने गोळी झाडायची ती फक्त समोरच्याच्या जिवावर बेतलं तरच. हे काम करणाऱ्या आमच्या एका वनपालांना मोतीबिंदू झाला, दुसऱ्यांची बदली झाली, आणि आमच्या वनक्षेत्रपाल साहेबांनी माझ्याकडे बोट केलं.

माझी ख्याती साहेबांना माहीत नव्हती, डॉक्टरांना होती. प्रशिक्षणात मी आयुष्यातली पहिली गोळी झाडली तेव्हा दस्ता खांद्याला नीट लावला नव्हता. बंदूक मागे आली ती गालावर. अर्धा दात गेला आणि सगळी बॅच हसली. तेव्हापासून चापावर बोट गेलं की माझे डोळे मिटायचे, मान आक्रसायची आणि नळी खाली जायची. मी ठरवून काही करत नव्हते. अंगच माझं ऐकत नव्हतं. डॉक्टर माझ्यासमोरच साहेबांना म्हणाले, "ताई कामाला चांगल्या आहेत. पण माझी पाठ त्यांच्याकडे असणार. डोळे मिटणारं माणूस मला मागे नको."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण ते खरं बोलत होते. मला बिबट्याची भीती होती. त्याहून जास्त बंदुकीची होती. आणि सगळ्यात मोठी भीती ही, की एक दिवस माझ्या मिटलेल्या डोळ्यांसमोर हा माणूस मरेल आणि मला तो मरताना दिसणारसुद्धा नाही. साहेबांनी तीन आठवडे दिले आणि उस्तादांचं नाव सांगितलं.

उस्तादांची शिकवण्याची तऱ्हा सैन्याच्या कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. त्या पहिल्या बारानंतर चार दिवस त्यांनी मला दुनळीला हात लावू दिला नाही. जत्रेत फुगे फोडायची छर्‍याची बंदूक असते, ती एका फुगेवाल्याकडून मागून आणली होती. खाकी वर्दीत उभं राहून मी फुगे फोडत होते आणि खाणीच्या वर शेळ्या चारणाऱ्या दोन बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी कुरकुर केली तर उस्ताद म्हणाले, आधी अंगाला समजू दे की चाप दाबला की दरवेळी मार बसतोच असं नाही.

नंतर चिंचोका आला. रिकामी दुनळी धरायची, नळीच्या टोकाशी एक चिंचोका ठेवायचा आणि चाप दाबायचा. चिंचोका पडला नाही पाहिजे. "चाप वढायचा न्हाई. बोटाखाली लोणी हाय असं समजून दाबत जायचं. टक् कवा व्हईल ते तुलाच कळाया नको." पहिल्या दिवशी मी इतके चिंचोके पाडले की खाणीत चिंचा उगवतील, असं दादा म्हणाले. आठवड्याने दहातले आठ राहू लागले.

कानात घालायला ते बोळे द्यायचे मेंढीच्या लोकरीचे, आणि वरून मोठी इअरमफ. त्या लोकरीला असा वास यायचा की डोकं धुतलं तरी जायचा नाही. मी विचारलं, कापूस का नको? तर म्हणाले, निम्मं माणूस धक्क्याला भीत नाही, आवाजाला भितं. कान गच्च बंद कर, मग बघू खांदा किती भितोय ते.

आवाजाचं सांगायचं तर ते स्वतःच मोठं प्रकरण होतं. उस्तादांच्या घरी दाराच्या कडीला चिंधी गुंडाळलेली होती, आपटू नये म्हणून. लग्नाला गेले तर अक्षता पडायच्या आत, फटाके लागायच्या आधी, मागच्या वाटेने निघून यायचे. दिवाळीचे चार दिवस दादांबरोबर मेंढरं घेऊन डोंगराकडेला जायचे. एकदा बेल्ह्याच्या बैलबाजारात टेम्पोचं टायर फुटलं तेव्हा हा बंदुका शिकवणारा माणूस बैलांच्या रांगेत खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही. लोकांनी ते पुढे वर्षभर पुरवून पुरवून सांगितलं. मीही हसले होते. आज आठवलं की माझी मला लाज वाटते.

आणखी एक गोष्ट लक्षात यायला मला उशीर झाला. उस्ताद स्वतः कधी गोळी झाडत नसत. एकदा मी म्हणाले, उस्ताद, एकदा तुम्ही मारून दाखवा, म्हणजे मला कळेल. त्यांनी बंदूक माझ्या हातातून घेतली, फडक्याने पुसली आणि पुन्हा माझ्या हातात दिली. "माझं झालंय मारून," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी दादा किटलीतून चहा घेऊन आले होते. उंच, काटक म्हातारा. डावा हात कोपरात वाकलेला तो वाकलेलाच, कडेवर काही घेतल्यासारखा. मी सहज विचारलं, हाताला काय झालं? "बंदूक उडाली व्हती आपोआप. जुनी गोष्ट हाय," दादा म्हणाले. उस्ताद उठले आणि खाणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोतं सारखं करू लागले. त्यांनी पोत्याकडे लक्ष दिल्याचं मी पाहिलं ते तेवढंच.

मग शेवटचा धडा, तो मला आजही स्वप्नात येतो. उस्तादांनी बाभळीच्या लाकडाची काडतुसं तासून केली होती, मापाला अगदी खऱ्यासारखी. ते माझ्याकडे पाठ करून बंदूक भरायचे, बंद करायचे आणि माझ्या हातात द्यायचे. आत खरं काडतूस आहे की लाकडाचं ते मला माहीत नसायचं. खरं असलं की खाण दणाणायची आणि त्या गोंधळात माझं पाप झाकलं जायचं. लाकडाचं असलं की नुसतं टक् व्हायचं, आणि त्या शांततेत माझी नळी वीतभर खाली गेलेली मला स्वतःला दिसायची. काहीच झालं नव्हतं आणि मी मान खाली घातली होती. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मला रडू आलं.

उस्तादांनी रडू दिलं. मग म्हणाले, "भीती लई चांगली हाय जवान. तिला घालवू नको. आत बसू दे, पाणी पाज. फकस्त पापणीवर येऊ दिऊ नको."

रोज चाळीस वेळा. टक्, टक्, धाड, टक्. ते हातभरावरून माझ्या डोळ्यांत बघत राहायचे आणि प्रत्येक वेळी एकच शब्द. मिटली. मिटली. मिटली. सोळाव्या की सतराव्या दिवशी खरं काडतूस उडालं आणि मला नळीच्या तोंडाचा जाळ दिसला, पोत्यातून वाळू उडताना दिसली. मी आयुष्यात पहिल्यांदा माझी गोळी लागताना पाहिली होती.  उस्तादांनी डब्यावरून उठून पाणी पिऊन घेतलं.

परीक्षा झाली, दहापैकी आठ गोळ्या आळ्यात गेल्या, साहेब खूश झाले. डॉक्टर मान हलवून बरं म्हणाले. उस्तादांनी मला बाजूला घेऊन विचारलं, भीती गेली का? मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, बरं झालं.

पुढच्याच पंधरवड्यात बोरी बुद्रुकच्या शिवारातून फोन आला. सकाळचे अकरा वाजले असतील. उसाच्या कडेला डुकरांसाठी कुणीतरी क्लच वायरचा फास लावला होता आणि त्यात बिबट्याची मादी कमरेत अडकली होती. आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावर अर्धं गाव मोबाईल वर धरून उभं होतं. आणि आमच्या गाडीमागे मोटारसायकलवरून उस्ताद. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. साहेब म्हणाले, तुम्ही कशाला? ते म्हणाले, "डोळा बघायला."

कुणाला ही गंमत वाटेल. मला वाटली नाही.  मी मनातल्या मनात आमच्या घरच्या देवाला नवस बोलत होते आणि कशाचा बोलतेय ते मला आठवत नव्हतं. डॉक्टर पुढे, त्यांच्या मागे दोन पावलांवर उजवीकडे मी, आणि माझ्या डाव्या हाताला, हातभरावर, बिबट्याकडे खांदा करून माझ्या तोंडाकडे बघणारे उस्ताद. बारा-तेरा पावलांवर ते जनावर जमिनीला चिकटून गुरगुरत होतं. तो आवाज कानाला ऐकू येण्याआधी पोटात ऐकू येतो. त्या आवाजाकडे अर्धी पाठ करून उभं राहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि हनुवटी थरथरत होती. तेही भ्यालेले होते, माझ्याइतकेच.

डॉक्टरांनी भुलीची सुई मारली. ती मांडीला लागली. मादी उसळली, वायर ताणली गेली, पुन्हा उसळली, आणि वायर तुटली.

पुढचं सगळं किती वेळात झालं ते मला सांगता येणार नाही. ती सरळ डॉक्टरांवर आली. मी दस्ता खांद्यात दाबला, नळी तिच्या छातीवर आली, बोट चापावर गेलं. आणि तिच्या पाठीमागे, बांधापलीकडच्या ज्वारीच्या कडवळातून, हिरव्या साडीतली एक बाई उभी राहिली. अगदी नळीच्या रेषेत. बहुतेक गवत कापायला आलेली, बिबट्या अडकलेला पाहून कडवळात दडून बसलेली, आणि आता पळायला उठलेली. आमच्या काडतुसात मोठे छर्रे असतात. ते एका जागी जात नाहीत, पसरत जातात. मी चाप दाबला नाही. मादीने डॉक्टरांना खाली पाडलं, खांद्यावर पंजा ओढला आणि त्यांच्यावरून उडी मारून उसात गेली. वीस मिनिटांनी ती उसाच्या सरीत भूल चढून पडलेली सापडली.

डॉक्टर वाचले. खांद्याला आणि कानामागे पुष्कळ टाके पडले. पण संध्याकाळपर्यंत गावागावातल्या मोबाईलवर तो व्हिडिओ फिरला. त्यात मादी दिसत होती, डॉक्टर पडताना दिसत होते आणि एका कडेला बंदूक धरून दगडासारखी उभी असलेली मी. लोकांना त्यातून जे कळायचं ते कळलं. मॅडम भ्याल्या. बाईच्या हातात बंदूक देऊन काय उपयोग. बाईंनी डोळं मिटलं, मंग कशाची गोळी मारतायत.

हिरव्या साडीवाली त्या व्हिडिओत नव्हती. मी दुसऱ्या दिवशी बोरीत जाऊन घरं धुंडाळली. कांदा लागवडीला बाहेरून आलेली मजुरांची एक टोळी त्या रानाजवळ उतरली होती, ती बिबट्याच्या भीतीने त्याच दुपारी टेम्पोत बसून निघून गेली होती. कुठे गेली ते कुणाला माहीत नव्हतं. टोळीत हिरव्या साडीची बाई होती का, तर असंल, न्हाई कुणी म्हणावं, असं मला सांगण्यात आलं.

मी दवाखान्यात गेले. डॉक्टर पालथे झोपले होते. ते म्हणाले, माझी तक्रार नाही, मी लेखी काही देणार नाही. मग म्हणाले, "ताई, एवढंच सांगा. डोळे मिटले होते का?"

मी म्हणाले, नाही. पण ज्या स्वरात म्हणाले तो मलाच पटला नाही. खरं सांगायचं तर तोवर माझी मलाच खात्री राहिली नव्हती. ज्या माणसाने वर्षानुवर्षं चापावर बोट ठेवून डोळे मिटले, त्याने त्या एका क्षणी उघडे ठेवले कशावरून? कदाचित मी भिऊन गोठलेच असेन. कदाचित ती हिरवी साडी नंतर माझ्या भीतीनेच तिथे उभी केली असेल, स्वतःला तोंड दाखवता यावं म्हणून. रात्रंदिवस मी तो क्षण आठवायची, आणि जितका आठवावा तितकी ती साडी फिकी होत जायची. चौकशीत काय होईल, पथकातून काढतील का, याची भीती होतीच. पण आपण काय आहोत हे आपल्यालाच माहीत नसणं, ही भीती मला तोवर माहीत नव्हती.

चौकशी साहेबांनीच केली, जुन्नरच्या कार्यालयात, सोमवारी दुपारी. साहेब वाईट माणूस नव्हते. वरून कागद आला होता, त्यांना उत्तर द्यायचं होतं. माझा जबाब झाला. बाईचा काही पुरावा आहे का, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. मग उस्तादांना आत बोलावलं. मेंढरांचं औषध न्यायला दोघे भाऊ बरोबरच जुन्नरला आले होते. दादा आत न येता दाराशी उकिडवे बसून राहिले.

साहेबांनी विचारलं, तुम्ही ती बाई पाहिली का? उस्ताद म्हणाले, न्हाई. माझी पाठ व्हती तिकडं.

"मग तुम्ही काय पाहिलं?"

"हिचा डोळा. उघडा व्हता. आधी जनावरावर व्हता, मंग बुबूळ वर सरकलं, त्याच्या पल्याड गेलं. तितं काय व्हतं मला ठावं न्हाई. पर हिनं काय तरी बघितलं, आन् मंग बोट चापावरनं काडलं. भ्यालेलं माणूस बोट काडत न्हाई सायेब, ते तितंच आवळून बसतं."

 बुबूळ वर सरकलं. म्हणजे ती होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजुतीने म्हणाले की उस्ताद, हे मी लिहू कसं? बारा पावलांवर बिबट्या सुटलेला असताना तुम्ही बिबट्याकडे न बघता हिच्या डोळ्याकडे बघत होता, यावर वरचे लोक विश्वास ठेवतील का? ते म्हणतील, आपल्या शिष्येला वाचवतोय म्हातारा.

 उस्तादांनी मान दाराकडे वळवायला घेतली आणि अर्ध्यातच थांबवली. मग टेबलाच्या कडेकडे बघत बोलू लागले.

"लिवा सायेब. मी सुट्टीवर आलो व्हतो. ज्याच्या रानात मेंढरं बसवली व्हती त्यानं राखणीला बंदूक दिली व्हती. दिवेलागणीला बिबट्या मेंढरांच्या वाड्यात शिरला. पलटणीत शेकड्यानं पोरं शिकवल्याली म्या. तरी जनावर समोर दिसल्यावर माझी पापणी मिटली, आन् चाप दाबला. उगडली तवा दादा पडला व्हता. मदी कवा आला ते मला दिसलंच न्हाई. दिसलं असतं तर थांबलो असतो, हिच्यासारका. सगळी म्हनत्यात बंदूक आपोआप उडाली. शुद्धीवर आल्यावर दादाच पोलिसांना तसं बोलला. त्याला तसं वाटलं, आन् म्या वाटू दिलं. इतकी वरसं. उडाली न्हाई सायेब. म्या मारली, डोळं मिटून. तवापासनं मी टार्गेटकडं बघत न्हाई. माणसाच्या डोळ्याकडं बघतो. बिबट्या आला तरी तितंच बघतो. ह्या कामात माझी चूक व्हनार न्हाई."

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. त्या जबाबावर माझी चौकशी मिटली. डॉक्टर बरे झाले आणि आजही पुढे जाताना मागे मीच आहे ना, एवढं बघून घेतात. मी आजही भिते. पण त्या दुपारचं म्हणून मला आठवतं ते हे नाही.

जबाबावर सही करून उस्ताद तसेच बसून होते, दाराकडे पाठ करून. उठून बाहेर जायचं म्हणजे दादांच्या समोरून जायचं होतं, आणि ते त्यांच्याने होत नव्हतं. बिबट्यासमोर उभे असताना थरथरत होती तशी त्यांची हनुवटी थरथरत होती. साहेबांनी कागद उगाच सारखे केले. 

मग दादाच उठले. उजव्या हाताने चौकट धरून आत आले आणि भावाच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"म्या वळून हात वर केला व्हता," ते म्हणाले. "थांब म्हनाया. तुझ्याकडंच तोंड व्हतं माजं. तुझं डोळं मिटल्यालं मला तवाच दिसलं व्हतं."

उस्तादांनी मागे वळून पाहिलं.  म्हणाले, "मंग आपोआप उडाली म्हनून का सांगितलंस?"

"पोलीस इचारत व्हतं," दादा म्हणाले. "दुसरं काय सांगू? धाकटा भाऊ तू माजा."